पोलादाआडचे पाहणारी न्यूट्रॉनची नजर

चाकूर : सैन्यात असो वा निमलष्करी दलात, प्रशिक्षणाच्या काळात प्रत्येक जवानाला कधी ना कधी हातबॉम्ब हाताळावा लागतो. चाकूर येथील सीमा सुरक्षा दलाच्या प्रशिक्षण केंद्रामुळे हे शिक्षण या परिसराला परके राहिलेले नाही. पिन काढून बॉम्ब फेकला, की साधारण चार सेकंदांनी तो फुटतो. हे चार सेकंद कोणत्याही घड्याळाने मोजले जात नाहीत. फ्यूजच्या बारीक नळीत ठासून भरलेले, संथ गतीने जळणारे मिश्रण जळत जळत टोकाला पोचण्यास लागणारा तो वेळ होय. हे मिश्रण मध्येच तुटलेले असेल, तर बॉम्ब फुटत नाही. त्यात पोकळी राहून ज्वाला एकदम पुढे सरकली, तर तो वेळेआधी फुटण्याचा धोका संभवतो. बाहेरून पाहिल्यास मात्र निर्दोष आणि सदोष बॉम्ब यांत तिळमात्र फरक दिसत नाही.

अशा वस्तूंची परीक्षा घेणे हा जगभरातील शस्त्रनिर्मात्यांपुढील जुना पेच आहे. बॉम्ब फोडून पाहिला, तर तो चांगला होता हे कळते; पण तो उरत नाही. म्हणून तयार झालेल्या मालातून काही नग निवडायचे, ते फोडून पाहायचे आणि उरलेले तसेच असतील असे मानायचे, ही पद्धत रूढ आहे. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. परंतु एका हंडीतील शिते सहसा सारखी शिजतात. हजारो सुट्या नळ्यांत भरलेल्या दारूबाबत तशी खात्री देता येत नाही. वस्तू न फोडता, न उघडता तिच्या पोटातील दारू पाहता आली, तरच हा पेच सुटू शकतो. न्यूट्रॉन प्रतिमाकरण हे तंत्र नेमके तेच करते. आजवर त्यासाठी अणुभट्टी लागत असे. आता तेच काम एका दालनात मावणाऱ्या यंत्रावर आणण्याचे प्रयत्न सुरू आहेत.

क्ष-किरण कोठे कमी पडतात?

हाड मोडल्यावर काढावयाच्या क्ष-किरण छायाचित्राशी सर्वजण परिचित आहेत. कारखान्यातील ओतकाम किंवा वेल्डिंगचा जोड तपासण्यासाठीही क्ष-किरण वापरले जातात. हे किरण पदार्थाच्या अणूंतील इलेक्ट्रॉनांवर आदळून अडतात. त्यामुळे अणू जितका जड, तितका त्याचा अडथळा मोठा. शिसे, पोलाद, पितळ यांच्या सावल्या गडद उमटतात. तर प्लॅस्टिक, रबर, तेल, पाणी, गोंद आणि स्फोटक दारू यांची सावली जेमतेम दिसते. पोलादी कवचाच्या आत दारू असेल, तर चित्रात कवच दिसते आणि दारू जवळजवळ अदृश्य होते. तपासायची असते ती मात्र दारूच.

न्यूट्रॉनाची गोष्ट वेगळी आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स चॅडविक यांनी १९३२ मध्ये या कणाचा शोध लावला आणि त्यासाठी त्यांना १९३५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. न्यूट्रॉनावर विद्युतभार नसतो. त्यामुळे तो इलेक्ट्रॉनांना जुमानत नाही. त्याचा संबंध थेट अणुकेंद्राशी येतो. कोणते अणुकेंद्र त्याला किती अडवते, याचा अणूच्या वजनाशी सरळ मेळ नाही. सर्वांत हलका हायड्रोजन संथ न्यूट्रॉनांना जोराने विखुरतो. बोरॉन, लिथियम व गॅडोलिनियम त्यांना गिळून टाकतात. ॲल्युमिनियम आणि शिसे मात्र त्यांना बऱ्याच अंशी वाट करून देतात.

हा फरक आकड्यांत पाहिल्यास अधिक स्पष्ट होतो. संथ न्यूट्रॉनांचा झोत निम्म्यावर आणण्यास ॲल्युमिनियमची सुमारे सात सेंटीमीटर जाडी लागते, शिशाची पावणेदोन ते दोन सेंटीमीटर आणि लोखंडाची सहा मिलिमीटरच्या आसपास. पाण्याला मात्र अवघे दोन मिलिमीटर पुरतात. रुग्णालयातील तंत्रज्ञ क्ष-किरणांपासून बचावासाठी शिशाचा ॲप्रन घालतात. त्या ॲप्रनमधील शिसे न्यूट्रॉनांना जेमतेम जाणवेल. पण त्यावर सांडलेल्या पाण्याचा डाग चित्रात उमटेल.

स्फोटक दारू, रबरी सील, वंगण, चिकटद्रव्य आणि ओलावा या सर्वांत हायड्रोजन असतो. म्हणूनच धातूच्या आत दडलेल्या या वस्तू न्यूट्रॉनांच्या चित्रात ठळक दिसतात. क्ष-किरण आणि न्यूट्रॉन हे परस्परांचे स्पर्धक नाहीत. एकाला जे दिसत नाही, ते दुसऱ्याला दिसते, एवढाच त्याचा अर्थ.

मुंबई आणि कल्पाक्कमची वाट

भारतात या तंत्राची सुरुवात महाराष्ट्रातच झाली. मुंबईजवळ ट्रॉम्बे येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' ही आशियातील पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली. तिच्या झोतांवर संशोधकांनी न्यूट्रॉन छायाचित्रणाचे प्रयोग केले. पुढे १९६० मध्ये 'सायरस' आणि ८ ऑगस्ट १९८५ रोजी शंभर मेगावॉट क्षमतेची 'ध्रुव' ही अणुभट्टी सुरू झाली. चाकूरचे सुपुत्र शिवराज पाटील हे १९८० च्या दशकात केंद्रात विज्ञान-तंत्रज्ञान व अणुऊर्जा खात्यांचे राज्यमंत्री होते. त्याआधी त्यांनी संरक्षण खात्याचे राज्यमंत्रिपदही सांभाळले होते. या तंत्राची गरज ज्या दोन क्षेत्रांना सर्वाधिक, त्या दोहोंचा कारभार चाकूरच्या नेत्याने पाहिला, हा एक योगायोग. 'सायरस' २०१० अखेर कायमची बंद झाली. जुनी 'अप्सरा' २००९ मध्ये थांबविण्यात आली आणि तिच्या जागी 'अप्सरा-यू' ही दोन मेगावॉटची सुधारित अणुभट्टी सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. 'ध्रुव'च्या झोतावर न्यूट्रॉन प्रतिमाकरणाची स्वतंत्र सोय उभारण्यात आली आहे.

दुसरे केंद्र तमिळनाडूतील कल्पाक्कम येथे आहे. तेथील 'कामिनी' ही अवघ्या ३० किलोवॉटची लहान अणुभट्टी २९ ऑक्टोबर १९९६ रोजी सुरू झाली. थोरियमपासून मिळणारे युरेनियम-२३३ हे तिचे इंधन. तिच्या मुख्य कामांपैकी एक म्हणजे न्यूट्रॉन छायाचित्रण. अणुइंधनाच्या कांड्यांबरोबरच भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या अग्निबाणांतील स्फोटक उपकरणेही येथे तपासण्यात आली आहेत.

अग्निबाणातील स्फोटक उपकरणे म्हणजे काय, हे समजून घेणे आवश्यक आहे. टप्पे विलग करणे, उष्णताकवच उघडणे, जाडजूड केबल क्षणात तोडणे ही कामे बोटभर आकाराच्या स्फोटक खिळ्यांवर व नळ्यांवर सोपविलेली असतात. ती एकदाच चालतात आणि चुकली तर दुसरी संधी नसते. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पीएसएलव्ही-सी३९ या अग्निबाणाचे उष्णताकवच विलग झाले नाही आणि आयआरएनएसएस-१एच हा उपग्रह आतच अडकून राहिला. उर्वरित अग्निबाणाने आपले काम चोख बजावूनही मोहीम वाया गेली. विलगीकरणाची एक यंत्रणा न चालल्यास केवढी किंमत मोजावी लागते, याचे हे उदाहरण होय.

छोट्या यंत्राची गरज का भासली?

अणुभट्टीतील झोत जोरदार असतो आणि चित्र स्वच्छ येते. अडचण असते ती वस्तू तेथवर नेण्याची. राज्यातील दारूगोळ्याचे कारखाने भंडारा, भद्रावती, वरणगाव, खडकी, देहूरोड येथे विखुरलेले आहेत. २०२१ पासून ते म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे असून तिचे मुख्यालय पुण्यात आहे. स्फोटके भरलेल्या वस्तू रस्त्याने अणुभट्टीपर्यंत न्यायच्या, तेथील कडक सुरक्षेतून आत न्यायच्या आणि झोत उपलब्ध होण्याची वाट पाहायची, हे रोजच्या उत्पादनात जमणारे नाही. शिवाय देखभालीसाठी अणुभट्टी बंद असली, की तपासणीही थांबते. अणुभट्टीच्या इमारतीत एका वेळी किती स्फोटके नेता येतील, यालाही मर्यादा असतेच.

अमेरिकेच्या हवाई दलाने या अडचणीवर वेगळाच तोडगा काढला होता. कॅलिफोर्नियातील मॅक्लेलन हवाई तळावर विमानांचे पंख तपासण्यासाठी त्यांनी चक्क एक अणुभट्टीच उभारली. ती १९९० मध्ये सुरू झाली. एफ-१११ या जातीच्या विमानांच्या पंखांत मधाच्या पोळ्यासारखी ॲल्युमिनियमची जाळी असे. तिच्यात पाणी शिरून गंज धरला, तर क्ष-किरणांना तो आरंभी दिसत नसे. न्यूट्रॉनांना तो दिसे. कारण ओलाव्यात आणि ॲल्युमिनियमच्या गंजात हायड्रोजन असतो. तळ बंद करण्याच्या प्रक्रियेत २००० मध्ये ही अणुभट्टी डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे गेली. प्रत्येक हवाई तळावर अणुभट्टी उभारणे अर्थातच कोणत्याही देशाला परवडणारे नाही. यंत्रच लहान करून वस्तूपाशी नेण्याची कल्पना पुढे आली ती यातूनच.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात बर्लिनमध्ये हार्टमुट कालमन आणि त्यांचे सहकारी कुन यांनी न्यूट्रॉनांची पहिली छायाचित्रे घेतली, तेव्हा जगात एकही अणुभट्टी नव्हती. त्यांच्याकडे रेडियम-बेरिलियमचा स्रोत आणि एक लहानसे न्यूट्रॉन जनित्र होते. चित्रे अंधूक येत आणि त्यांना फार वेळ लागे. अणुभट्ट्या आल्यावर हा मार्ग मागे पडला. आज अधिक चांगली जनित्रे आणि अधिक संवेदनशील कॅमेरे हाती आल्याने त्याच मार्गाकडे पुन्हा लक्ष वळले आहे.

यंत्र चालते कसे?

या यंत्राचे चार भाग पाडता येतील. पहिला भाग न्यूट्रॉन निर्माण करणाऱ्या जनित्राचा. त्यात ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजनचे, विद्युतभारित अणू लाख-दोन लाख व्होल्टच्या दाबाने एका धातूच्या चकतीवर आदळविले जातात. चकतीत ट्रिटियम हा हायड्रोजनचा आणखी जड भाऊ मुरविलेला असतो. दोघांचा संयोग होऊन हेलियम तयार होतो आणि एक न्यूट्रॉन बाहेर फेकला जातो. त्याचा वेग सेकंदाला सुमारे ५० हजार किलोमीटर असतो. ट्रॉम्बे येथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'पूर्णिमा' या इमारतीत या जातीचे जनित्र असून प्रतिमाकरणाच्या दृष्टीनेही तेथे काम झाले आहे.

इतका वेगवान न्यूट्रॉन सर्वच पदार्थांतून सहज आरपार जातो. त्यामुळे बारीक वस्तूंच्या चित्रात उठाव येत नाही. म्हणून दुसरा भाग त्याला संथ करण्याचा. एक गोटी तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या गोटीवर नेमकी आदळली, की पहिली जागीच थबकते आणि दुसरी पुढे जाते. न्यूट्रॉन आणि हायड्रोजनचे अणुकेंद्र यांचे वजन जवळजवळ सारखे असल्याने त्यांच्यातही तसेच घडते. जनित्राभोवती पॉलिथिनचे जाड ठोकळे रचले, तर त्यातील हायड्रोजनशी सरासरी वीस टकरा झाल्यावर न्यूट्रॉनाचा वेग सेकंदाला सुमारे २,२०० मीटरवर येतो.

तिसरा भाग झोताला शिस्त लावण्याचा. संथ झालेले न्यूट्रॉन सर्व दिशांना भरकटत असतात. त्यांतील सरळ येणारे तेवढे घेण्यासाठी एका लहान छिद्रापासून सुरू होणारी लांब नळी बसवितात. नळी छिद्राच्या मानाने जितकी लांब, तितकी सावली रेखीव. चौथा भाग चित्र घेण्याचा. तपासायच्या वस्तूमागे लिथियम व झिंक सल्फाइडचा लेप दिलेला पडदा असतो. न्यूट्रॉन आदळला की तो मंद चमकतो. ती चमक आरशाने वळवून बाजूच्या कॅमेऱ्यात टिपली जाते. वस्तू थोडी थोडी फिरवीत अनेक चित्रे घेतली, तर संगणकावर तिचे त्रिमिती चित्रही तयार करता येते.

वेळेचे गणित

या तंत्राचे खरे दुखणे तिसऱ्या भागात आहे. नळीची लांबी छिद्राच्या पन्नास पट ठेवली, तर छिद्रापाशी असलेल्या न्यूट्रॉनांपैकी साधारण चाळीस हजारांतील एकच वस्तूपर्यंत पोचतो. अधिक रेखीव चित्रासाठी ती शंभर पट केली, तर हे प्रमाण एक लाख साठ हजारांत एक इतके उतरते. अणुभट्टीत मुळातच न्यूट्रॉनांचा महापूर असल्याने ही गळती परवडते. लहान जनित्राला ती परवडत नाही. सेकंदाला हजार कोटी न्यूट्रॉन देणारे जनित्रही वस्तूच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सेकंदाला जेमतेम हजाराच्या घरात न्यूट्रॉन पोचवू शकते. अणुभट्टीत काही मिनिटांत होणाऱ्या चित्रासाठी येथे तासन्‌तास थांबावे लागते.

याचा व्यवहारातील अर्थ एका उदाहरणाने ध्यानात येईल. संरक्षण मंत्रालयाने २०२० मध्ये नागपूरच्या एका खासगी कंपनीशी दहा लाख बहुउपयोगी हातबॉम्ब पुरविण्याचा करार केला. एका चित्रात वीस बॉम्ब बसविले आणि प्रत्येक चित्रास एक तास लागला असे धरले, तर दहा लाख बॉम्ब तपासण्यास पन्नास हजार तास लागतील. यंत्र रात्रंदिवस चालविले, तरी पावणेसहा वर्षे जातील. तेव्हा या यंत्रामुळे प्रत्येक बॉम्ब तपासला जाईल, ही अपेक्षा तूर्त बाळगण्याजोगी नाही.

त्याचा उपयोग आहे तो संख्येने थोड्या, पण प्राणांशी गाठ असलेल्या वस्तूंसाठी. क्षेपणास्त्राचा प्रज्वलक, अग्निबाणाचे स्फोटक खिळे, संकटसमयी लढाऊ विमानातील आसन वैमानिकासह बाहेर फेकणारी काडतुसे ही त्याची उदाहरणे. एखाद्या खेपेतील काही नग सदोष निघाल्यास उरलेल्यांत तोच दोष आहे का, हे ठरविण्यासाठी आणि जुन्या साठ्याचे आयुष्य वाढविता येईल का, हे पाहण्यासाठीही ते कामी येते. ३१ मे २०१६ रोजी वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या लष्करी दारूगोळा भांडारात लागलेल्या आगीत डझनाहून अधिक जणांचे प्राण गेले, तेव्हा साठविलेल्या स्फोटकांच्या वयाचा व अवस्थेचा प्रश्न ऐरणीवर आला होता. अशी दुर्घटना एखाद्या यंत्राने टळली असती, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. साठवणुकीची शिस्त आणि वेळेवर विल्हेवाट यांना पर्याय नाही. तथापि, कवचाच्या आत दारूची अवस्था काय आहे हे न उघडता कळणे, ही त्या शिस्तीला होणारी मोठी मदत आहे.

इतर देशांत काय चालले आहे?

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात फिनिक्स या कंपनीने अणुभट्टीऐवजी त्वरकावर चालणारे न्यूट्रॉन प्रतिमाकरण केंद्र उभारले. ही कंपनी आता शाइन टेक्नॉलॉजीज या उद्योगाचा भाग आहे. अमेरिकी लष्कराच्या पिकाटिनी येथील शस्त्रसंशोधन केंद्रानेही दारूगोळ्याच्या तपासणीसाठी या तंत्रात रस घेतला. जपानमध्ये रिकेन या संशोधन संस्थेने २०१३ पासून 'रान्स' नावाचा लहान न्यूट्रॉन स्रोत चालविला आहे. पोलादातील गंज आणि पुलांच्या काँक्रीटमध्ये मुरलेले पाणी शोधणे, हा त्यांचा एक उद्देश असून पुढे हे यंत्र वाहनावरून पुलापाशी नेण्याचा मानस आहे.

लष्कराबाहेरही या तंत्राला काम आहे. जेट इंजिनातील टर्बाइनचे पाते ओतताना त्यात थंड हवेसाठी बारीक मार्ग ठेवतात. साच्यातील चिनीमातीसारखा गाभा त्या मार्गात कणभर जरी राहिला, तरी पाते तापून निकामी होऊ शकते. त्यासाठी पाते गॅडोलिनियमच्या द्रावणात बुडवून धुतात. उरलेला गाभा हे द्रावण शोषून घेतो आणि न्यूट्रॉन चित्रात लगेच उघडा पडतो. कारण गॅडोलिनियमचा केसाहून पातळ थरही न्यूट्रॉन अडवितो. लिथियम बॅटरीतील लिथियमची हालचाल, चिकटद्रव्याने जोडलेल्या धातूच्या पत्र्यांमधील पोकळ्या, सीलमधून शिरलेले तेल यांचाही वेध घेता येतो.

मराठवाड्यातील बहुतेक यंत्रभागांना मात्र या महागड्या तपासणीची गरज नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. ओतकामातील पोकळी, वेल्डिंगमधील तडा, दांड्यातील भेग यांसाठी क्ष-किरण आणि अल्ट्रासाउंड या स्वस्त व सिद्ध पद्धती पुरेशा आहेत. धातूच्या आत हलका पदार्थ असेल आणि त्याच्यावरच सारे अवलंबून असेल, तेथेच न्यूट्रॉनाची पायरी चढावी.

धोका किती?

न्यूट्रॉन मानवी शरीराला अपायकारक आहेत. शरीरात पाणी भरपूर असल्याने ते तेथे अडतात, हेच त्याचे कारण. म्हणून यंत्राभोवती काँक्रीट व बोरॉनयुक्त पॉलिथिनच्या जाड भिंती लागतात. यंत्र 'दालनात मावणारे' असले, तरी ते दालन साधे नसते. तपासलेली वस्तूही काही काळ किंचित किरणोत्सारी होऊ शकते आणि ती मोजूनच बाहेर काढावी लागते. जनित्राचा मोठा गुण असा, की वीज बंद केली की न्यूट्रॉनांची निर्मितीही थांबते. कॅलिफोर्नियम-२५२ सारखा किरणोत्सारी स्रोत वापरला, तर तो बंद करता येत नाही आणि अडीच-पावणेतीन वर्षांत निम्मा होतो. ट्रिटियम स्वतः किरणोत्सारी असल्याने त्याच्या देवाणघेवाणीवर जगभर कडक नियंत्रण आहे. केवळ ड्युटेरियम वापरून ते टाळता येते. परंतु न्यूट्रॉनांची संख्या सुमारे शंभर पटींनी घटते. भारतात असे यंत्र बसविण्यास आणि चालविण्यास अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी अनिवार्य आहे.

पुढची पायरी

अणुभट्टीची जागा लहान यंत्र घेईल, असे आज कोणी म्हणणार नाही. सर्वांत स्वच्छ चित्रासाठी ट्रॉम्बे आणि कल्पाक्कमची वाट धरावीच लागेल. मात्र पुणे किंवा नागपूरसारख्या, दारूगोळा जेथे घडतो त्या ठिकाणांजवळ असे एखादे सामाईक केंद्र उभे राहिल्यास संशयास्पद खेपेचा निकाल लवकर लागू शकेल. खर्चाचा हिशेब मांडताना यंत्राच्या किमतीबरोबरच न फुटलेल्या किंवा अवेळी फुटलेल्या एका नगाची किंमतही धरावी लागेल.

यंत्राइतकीच माणसांची गरज आहे. न्यूट्रॉनाचे चित्र वाचणे, त्यातील सावली दोषाची की विखुरण्याची हे ओळखणे, हे अनुभवाचे काम आहे. विद्यापीठांतील संशोधकांना 'ध्रुव'च्या न्यूट्रॉन झोतांवर काम करता यावे, यासाठी विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या संयुक्त संशोधन संस्थेचे केंद्र मुंबईत आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात व त्याच्या लातूर उपकेंद्रात शिकणाऱ्या तरुणांनी या वाटेची माहिती करून घेतली, तर चाकूर-नांदेड पट्ट्यातील विद्यार्थ्यांनाही या क्षेत्राची दारे खुली होऊ शकतील. जवानाच्या हाती पडणारी वस्तू भरवशाची आहे, हे ठरविणाऱ्यांत उद्या त्याच्याच जिल्ह्यातील एखादा तंत्रज्ञ असण्यास कोणतीच आडकाठी नाही.